ऊन पाण्याची बखर

डिसेंबर २०२२ मधील गोष्ट. कन्येच्या बाळंतपणानिमित्त आम्ही उभयता इंग्लंडातील लेस्टर या गावी मुक्कामास होतो. नातवाला अठरावा दिवस लागला होता. त्या पंधरवड्यात त्या देशावर थंडीची मोठी लाट आली व रात्रीचा पारा शून्याच्या बराच खाली जाऊ लागला. अशा एका पहाटे आम्ही उठलो तो भिंतीवरचे रेडिएटर बर्फासारखे थंड, आणि नळातून येणारे पाणी हाताला चावणारे! स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेल्या पांढऱ्या पेटीवर एक लाल दिवा लुकलुकत होता. घर ऊबदार ठेवणे आणि नळाला ऊन पाणी पुरविणे ही दोन्ही कामे ही एकच पेटी करते, म्हणून तिला तिकडे ‘कॉम्बी’ म्हणतात. ती रुसली की दोन्ही सुखे एकदम बंद होतात.

जावईबापूंनी देखभालीचा करार असलेल्या कंपनीस दूरध्वनी केला. बराच वेळ वाद्यसंगीत ऐकविल्यानंतर पलीकडच्या बाईंनी पाच दिवसांनंतरची वेळ दिली. घरात अठरा दिवसांचे मूल आहे, हे सांगितल्यावर ती चार दिवसांनंतरची झाली. बाळंतिणीची खोली विजेच्या एका छोट्या शेगडीवर कशीबशी तगली. आमच्या सौभाग्यवतींनी मात्र कपाळाला हात लावून एकच वाक्य उच्चारले, “आपला बंब असता तर!”

या वाक्यानेच प्रस्तुत लेखाला जन्म दिला. त्या चार दिवसांत, आणि पुढे बडोद्यास परतल्यावर, ऊन पाण्याचा इतिहास आम्ही जमेल तसा चाळला. इतिहास म्हटला की आपण राजे, लढाया व तहनामे यांच्याकडे वळतो. परंतु आंघोळीचे पाणी कोणी, कशावर व कसे तापविले, यातही एका समाजाचे बरेच काही सामावलेले असते, असे आम्हांस वाटते.

दांडिया बाजारातील आमच्या जुन्या घराचे परसदार आजही डोळ्यांसमोर उभे राहते. आजोबा गायकवाडी अमदानीत खानगी खात्यात कारकून होते. आजव्याच्या तलावाचे पाणी सयाजीराव महाराजांनी १८९० च्या दशकाच्या आरंभी नळाने शहरात आणले. त्यामुळे आमच्या पिढीने आडाचे पाणी शेंदले नाही. परंतु नळाला येई ते पाणी गार. ते ऊन करण्याचे काम परसदारी, मोरीच्या बाहेर, पत्र्याच्या छपराखाली चाले. तिथे तांब्याचा बंब उभा असे. आमच्या मुलांना आता ‘बंब’ म्हटले की आगीचा बंबच आठवतो. दोहोंचा शब्द एकच असून पोर्तुगीज भाषेतील ‘बोंबा’ या शब्दाशी त्याचे नाते सांगतात. तो अर्थातच पाणी उपसण्याच्या यंत्राचा वाचक होता.

बंबाची रचना पाहिली तर ती करणाऱ्याला नमस्कार करावासा वाटतो. मध्यभागी उभी नळी, तिच्या तळाशी जाळी, जाळीवर गोवऱ्यांचे तुकडे, ढलप्या किंवा कोळसा. नळीच्या भोवती पाणी. नळी वर उघडी असल्याने धूर वर जाई आणि खालून हवा ओढली जाई. विस्तव पाण्याच्या पोटात बसलेला, त्यामुळे उष्णता वाया जात नसे. उघड्या चुलवणावर ठेवलेल्या हंड्यापेक्षा त्याला जळण पुष्कळ कमी लागे. वरच्या तोंडातून एक बादली गार पाणी ओतावे, तेव्हा तोटीतून एक बादली कढत पाणी घ्यावे, असा दंडक होता. हा दंडक मोडणाऱ्याची आजीपुढे धडगत नसे, कारण पाणी संपून बंब कोरडा पेटत राहिला तर त्याची डाख वितळे आणि तो गळू लागे. काढलेले पाणी घंगाळात पडे व त्यात बेताने गार पाणी घातले जाई. या गार पाण्याला आपल्या भाषेत ‘विसण’ असा स्वतंत्र शब्द आहे. ज्या भाषेने कढत पाण्यात घालावयाच्या गार पाण्यालाही नाव दिले, त्या भाषेच्या लोकांनी आंघोळ किती गांभीर्याने घेतली असेल!

नरकचतुर्दशीच्या पहाटे बंबाच्या अंगाला झेंडूची माळ घातली जाई. एरवी चिंच लावून तो घासण्याचे काम आम्हां भावंडांकडे असे. आणखी एक गोष्ट तेव्हा सहज वाटे, तिचे महत्त्व मागाहून कळले. बंब बिघडला तर घरातील कोणालाही तो का बिघडला हे सांगता येई. पाणी तापत नाही? जाळीत राख साचली असेल. धूर उलटतो? नळीत काजळी धरली असेल. थेंब गळतो? तोटी झिजली किंवा डाख सुटली. आजी तर बंबाच्या आवाजावरून पाणी किती तापले ते सांगत असे.

इंग्लंडात, ज्या देशाने वाफेच्या बळावर जग जिंकले, तेथे सामान्य माणसाच्या आंघोळीची स्थिती मात्र आपल्याहून फारशी बरी नव्हती. चुलीवर पाणी तापवावे, शेकोटीपुढे पत्र्याचे टब मांडावे, आणि आठवड्यातून एकदा घरातील सर्वांनी पाळीपाळीने त्याच पाण्यात बसावे, हा कष्टकरी घरांचा शिरस्ता विसाव्या शतकातही बराच काळ चालला. १८६८ मध्ये लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉन या रंगकाम करणाऱ्या गृहस्थाने दिव्याच्या गॅसवर पाणी तापविणाऱ्या यंत्राचा एकाधिकार घेतला. आइसलँडमध्ये ‘गेसिर’ नावाचा उसळत्या कढत पाण्याचा झरा आहे. त्यावरून त्याने आपल्या यंत्रास ‘गीझर’ असे नाव दिले. म्हणजे बडोद्याच्या न्हाणीघरात आज विजेवर चालणाऱ्या डब्याला आपण जे नाव देतो, ते आइसलँडहून लंडनमार्गे आलेले आहे! मॉनच्या गीझरमध्ये एक भयंकर उणीव होती. जळलेला वायू घराबाहेर नेणारे धुराडे त्याला नव्हते. न्हाणीघराची दारे-खिडक्या बंद करून, विषारी हवेतच स्नान करावयाचे, असा तो प्रकार होता.

पुढील सुधारणा अनेक देशांत झाल्या. मूळच्या नॉर्वेच्या एडविन रूड यांनी अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे १८८९ मध्ये पाणी साठवून आपोआप तापविणारे यंत्र तयार केले. जर्मनीत रेमशाइड येथील योहान व्हायलंट यांनी १८९४ मध्ये बंदिस्त पद्धतीच्या गॅस बंबाचा एकाधिकार मिळविला. त्यात जळणाऱ्या वायूचा पाण्याशी संपर्क येत नसे. त्याच सुमारास देसाउ येथे ह्यूगो युंकर्स हे प्राध्यापक गॅसवरचे स्नानबंब बनवू लागले. या युंकर्सांची कथा विलक्षण आहे. बंबांच्या विक्रीतून आलेला पैसा त्यांनी विमानांच्या छंदात ओतला आणि १९१५ मध्ये संपूर्ण धातूचे विमान उडवून दाखविले. १९३२ मध्ये आर्थिक ओढगस्तीमुळे बंबांचा कारखाना त्यांना बॉश कंपनीस विकावा लागला, पाठोपाठ नाझी सरकारने विमानांचा कारखानाही त्यांच्याकडून हिरावून घेतला, आणि १९३५ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या पश्चात त्यांचेच नाव धारण करणाऱ्या विमानांनी लंडनवर बाँब टाकले. त्याच लंडनमध्ये युद्धापूर्वी अनेक घरांतून युंकर्सच्या धर्तीचे, ‘ॲस्कॉट’ नावाचे गॅस गीझर पाणी तापवू लागले होते.

लेस्टरमधील आमचे शेजारी मूळचे खेडा जिल्ह्यातील गुजराती गृहस्थ. १९७२ मध्ये युगांडाच्या इदी अमीनने आशियाई लोकांना देशाबाहेर घालविले, तेव्हा ते दोन पेट्या घेऊन या गावी उतरले. त्यांच्याशी आमचे गुजरातीत मनसोक्त बोलणे होई. ते सांगत, “साहेब, पहिल्या घरात असाच एक ॲस्कॉट होता. मीटरमध्ये नाणे टाकले की गॅस येई. डोक्याला साबण लावलेला असताना नाणे संपे!” बंब कोरडा पडू नये म्हणून बादली घेऊन उभी राहणारी आमची आजी आणि नाणे हातात धरून न्हाणीघराबाहेर उभी राहणारी त्यांची पत्नी, यांत आम्हांस फार अंतर दिसले नाही.

डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर कोळशाच्या धुराचे घोर धुके पाच दिवस ठाण मांडून बसले आणि हजारो माणसे दगावली. त्यातून १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा आला, घरोघरच्या कोळशाच्या शेकोट्यांवर बंधने आली, आणि घर उबविण्याचे दुसरे साधन शोधणे भाग पडले. सप्टेंबर १९६५ मध्ये उत्तर समुद्रात ‘सी जेम’ या तराफ्याला नैसर्गिक वायूचा साठा लागला. तीनच महिन्यांनी, २७ डिसेंबर रोजी, तोच तराफा कोसळून १३ माणसे बुडाली. परंतु वायू किनाऱ्यास आला. कोळशापासून बनविलेला जुना गॅस आणि हा नवा वायू यांच्या ज्वलनाची रीत वेगळी असल्याने देशातील प्रत्येक शेगडी, प्रत्येक गीझर यांचे बर्नर बदलावे लागले. १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत सव्वा कोटीहून अधिक ग्राहकांच्या घरांत जाऊन माणसांनी हे काम हाताने केले. सरकारी नोकरीत अडतीस वर्षे घालविलेल्या आमच्यासारख्यास या आकड्यापुढे नतमस्तक व्हावेसे वाटते. एका तालुक्यात शिधापत्रिका बदलताना आमची काय त्रेधा उडाली होती, ते आम्हीच जाणतो.

येथे आपल्या गावाचाही अभिमानाने उल्लेख केला पाहिजे. खंबायतच्या परिसरात १९५८ मध्ये तेल व वायू सापडले, आणि १९७२ मध्ये बडोदे महानगरपालिकेने नळाने घरगुती वायू पुरविण्यास प्रारंभ केला. असे करणारे हे देशातील पहिले शहर. आमचे शेजारी ज्या वर्षी लेस्टरला नाणी मोजत होते, त्याच वर्षी त्यांच्या मुलुखाच्या शेजारी नळाचा गॅस पेटला होता, हे ऐकून त्यांना मोठी गंमत वाटली.

नव्या वायूच्या बरोबरीने ‘कॉम्बी’ची वाट मोकळी झाली. भिंतीवर टांगावयाची, घर उबविणारी आणि पाणीही तापविणारी पेटी १९६० च्या दशकात जर्मनीत आकारास आली व नंतरच्या दोन-तीन दशकांत इंग्लंडात पसरली. तोवर तेथील घरांत माळ्यावर पाण्याची टाकी आणि कपाटात तांब्याचे मोठे नळकांडे असे. नळकांड्याच्या उबेवर ओले कपडे वाळविले जात. कॉम्बीने टाकी व नळकांडे दोन्ही हद्दपार केले. नळ उघडताच पाणी पेटीतून धावत जाते आणि धावता धावता तापते. यासाठी केवढी शक्ती लागते पाहा. लहानशी कॉम्बी २४ किलोवॅटची असते व ५ अंशांचे पाणी ४० अंशांवर नेऊन मिनिटाला सुमारे १० लिटर देते. आपल्याकडील ३ किलोवॅटच्या विजेच्या गीझरने हेच धावत्या पाण्यावर करावयाचे म्हटले तर मिनिटाला सव्वा लिटर हाती येईल. म्हणून तर आपण पाणी साठवून तापवितो.

आता आमच्या लाल दिव्याकडे परत येऊ. जावईबापू अभियंता आहेत, परंतु संगणकाचे. त्यांनी पेचकस काढला आणि पेटीचे झाकण उघडण्याच्या बेताने पुढे सरसावले. आम्ही त्यांना, कदाचित गरजेपेक्षा मोठ्या आवाजात, थांबविले. ते दचकले, कारण जावयाशी आम्ही कधी त्या सुरात बोललेलो नाही. मग कारण सांगावे लागले.

१९९० च्या दशकात आमच्या थोरल्या बंधूंनी न्हाणीघरात गॅसचा गीझर बसविला. न्हाणीघर लहान, झरोका हिवाळ्यात पुठ्ठ्याने बंद केलेला. एका सकाळी पुतण्या आंघोळीस गेला तो बाहेर येईना. हाका मारल्या, दार ठोठावले, शेवटी दार मोडले. तो फरशीवर बेशुद्ध पडलेला होता. बाहेर मोकळ्या हवेत आणून रुग्णालयात नेल्यावर सायंकाळी शुद्धीवर आला. आज त्याला दोन मुले आहेत. परंतु त्या दाराच्या फळ्या फुटल्याचा आवाज आम्ही विसरलेलो नाही. हवा अपुरी पडली की वायू अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. मॉनच्या १८६८ च्या गीझरमधील उणीव सव्वाशे वर्षांनंतर आमच्या घरात जशीच्या तशी नांदत होती. आपल्या पूर्वजांनी बंब परसदारी ठेवला, तो अडाणीपणा नव्हता. विस्तव घरात, आणि तोही बंद खोलीत आणण्याची ‘सुधारणा’ आम्ही केली.

इंग्लंडने हा धडा मोठी किंमत देऊन घेतला. १६ मे १९६८ रोजी लंडनच्या रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीत अठराव्या मजल्यावर एका बाईंनी सकाळच्या चहासाठी काडी ओढली. गळलेल्या गॅसचा स्फोट होऊन इमारतीचा एक कोपराच्या कोपरा ढासळला. चौघे मृत्यू पावले, त्या बाई मात्र बचावल्या. त्यानंतर १९७० मध्ये गॅसचे काम करणाऱ्यांच्या नोंदणीची व्यवस्था सुरू झाली, ती १९९१ मध्ये सक्तीची झाली, आणि २००९ पासून तिची जागा ‘गॅस सेफ’ नोंदवहीने घेतली. आजच्या कॉम्बीची पेटी हवाबंद असते. ती बाहेरची हवा आत ओढते व धूर बाहेरच सोडते. ते बंदिस्त झाकण हेच तिच्या सुरक्षिततेचे कुलूप, आणि ते उघडण्याचा अधिकार केवळ नोंदणीकृत कारागिरास. जावईबापूंनी पेचकस मुकाट्याने खणात ठेवला.

झाकण न उघडता जे करता येईल ते करण्यास मात्र प्रत्यवाय नव्हता. चौकशीची आम्हांस जुनी सवय. गॅसची शेगडी पेटत होती, म्हणजे गॅस येत होता. पेटीवर दिवा होता, म्हणजे वीजही होती. भिंतीवरच्या तापनियंत्रकावर मागितलेले तापमान खोलीच्या तापमानाहून बरेच वर होते. पेटीखालच्या दाबमापकाचा काटा एक व दीड यांच्या मधोमध, म्हणजे पाणीही पुरेसे होते. काटा एकच्या बराच खाली असता तर कोरड्या बंबासारखी अवस्था टाळण्यासाठी पेटीने स्वतःच काम बंद केले असते. केवळ नळाचे पाणी गार असते अथवा केवळ रेडिएटर गार असते, तर आतील पाणी इकडून तिकडे वळविणाऱ्या झडपेवर संशय घेता आला असता. येथे दोन्ही बंद. तेव्हा दोष दोहोंच्या मुळाशी, ज्योतीपाशीच होता. पेटी पुन्हा चालू करण्याची कळ दाबली की आत पंखा फिरे, टिकटिक होई, आणि मग एक चमत्कृतिपूर्ण गुडगुड ऐकू येऊन सारे शांत होई.

त्या गुडगुडीने आम्हांस आजीची आठवण झाली. विस्तव धरत नसेल तर आधी राख पाहा, असे ती म्हणे. जे जळून उरते त्याला बाहेर जाण्यास वाट हवी. पण या पेटीत राख ती कोणती? हे कोडे शेजाऱ्यांनी सोडविले. एप्रिल २००५ पासून इंग्लंडात बहुतेक नव्या बॉयलरांना धुरातील वाफ गार करून तिचीही उष्णता वसूल करण्याची सक्ती आहे. त्या वाफेचे पाणी होते आणि ते प्लॅस्टिकच्या बारीक नळीने बाहेर जाते. आमच्याकडे ही नळी उत्तरेच्या भिंतीवरून उघडी गेलेली होती. तिच्यातील पाणी गोठून बर्फाची गुळी बसली होती. पाणी मागे तुंबले, ज्योतीचा श्वास कोंडला, आणि पेटीने सुरक्षिततेसाठी स्वतःस कुलूप लावले. शेजारी म्हणाले, “२०१० च्या डिसेंबरात आमच्या अर्ध्या गल्लीत हेच झाले होते.” त्या वर्षीचा डिसेंबर त्या देशात शंभर वर्षांतील सर्वांत थंड होता.

उपाय सोपा होता, नळीवर ऊन पाणी ओतणे. ऊन पाणी मिळावे म्हणून आधी ऊन पाणी हवे! विजेच्या किटलीत पाणी उकळले. जावईबापू किटली घेऊन थेट बाहेर निघाले, तेव्हा शेजाऱ्यांनी हात आडवा केला. उकळते पाणी ओतले तर गोठलेली प्लॅस्टिकची नळी तडकते. पाणी हाताला सोसवेल इतपतच हवे. सौभाग्यवतींनी ते ऐकताच बादली पुढे ओढली, किटली तीत रिकामी केली, नळाखाली तांब्या धरून विसण घातले आणि कोपर बुडवून पाहिले. बाळाच्या आंघोळीचे पाणी पाहतात तसेच. तीन बादल्या झाल्या. चौथ्या बादलीस नळीच्या टोकातून बोटाएवढी बर्फाची कांडी निसटून बर्फात पडली. कळ दाबली. टिकटिक झाली, गुडगुड झाली नाही, आणि खिडकीतून निळी ज्योत दिसली. तासाभराने नातवाची आंघोळ झाली.

चौथ्या दिवशी कंपनीचा कारागीर आला. तरुण, हसतमुख मुलगा. दार आम्हीच उघडले व सवयीने म्हणालो, “आमचा गीझर चालत नव्हता.” तो क्षणभर गोंधळला, आमच्या पांढऱ्या केसांकडे पाहिले, आणि मग त्याला हसू आवरेना. कन्येने खुलासा केला की, तिकडे त्या उच्चाराचा दुसरा एक शब्द आहे आणि त्याचा अर्थ ‘म्हातारबुवा’ असा होतो. मॉनचा शब्द त्याच्या स्वतःच्या देशात असा बुडाला आणि बडोद्यात मात्र टिकून आहे. कारागिराने झाकण उघडून तपासणी केली, बाहेरची बारीक नळी काढून जाड नळी बसविली व तिच्यावर काळ्या फोमचे वेष्टण चढविले. जाताना त्याने विचारले की, पाणी नळी न तडकता इतके बेताचे कोमट कोणी केले. सौभाग्यवती आतल्या खोलीत बाळाला तेल लावीत होत्या. आम्ही तिकडे बोट दाखविले. ‘विसण’ या शब्दाचे इंग्रजी मात्र आम्हांला त्याला सांगता आले नाही.